तेलाआधी पाणी

समुद्रकाठच्या दमट गॅल्व्हस्टनमधल्या दुकानदाराने नऊ डझन चाकू परत पाठवले, तेव्हा सोबत साधी चिठ्ठीही नव्हती. गरजच नव्हती. पातं उघडलं की दिसत होतं. नख घालायच्या खाचेच्या जरा खाली अंगठ्याएवढा तपकिरी डाग होता आणि त्यात बारीक रेषा होत्या. खिडकीशी धरलं असतं तर त्या मोजताही आल्या असत्या.

अलेघेनी नदीच्या काठावरच्या आमच्या कारखान्यात घडीचे चाकू बनत. त्यांच्यावर शेवटचा हात फिरे तो पुसण्याच्या टेबलावरच्या सहा बायकांचा. धार लावून आलेलं पातं तेलकट फ्लॅनेलने पुसायचं, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, मेणकागदात गुंडाळून खोक्यात ठेवायचं. आर्डिथ ओकरलंड या टेबलावर आली ती बावन्नाव्या वर्षी. त्याआधी एकोणीस वर्षं ती मुठींना हाडाच्या पट्ट्या बसवत होती. मग प्लास्टिकच्या मुठी आल्या आणि तो विभाग बंद झाला. तिथल्या अकरा जणींपैकी टेबलावर जागा मिळाली ती तिला एकटीला.

तो अंगठा कुणाचा हे शोधायला फोरमन ट्रूझडेल यांनी शुक्रवारी सहाही जणींना नव्या पात्यावर अंगठा दाबायला लावला. पाती ओल्या स्पंजासोबत पत्र्याच्या डब्यात बंद केली आणि सोमवारी उघडली. पाच पाती जवळजवळ स्वच्छ होती. सहाव्यावर अंगठा उमटला होता, आणि तो आर्डिथचा होता.

“पोलिसांनी तुला मानाने बोलवावं,” शेजारची फिलोमिना म्हणाली. “शाईचा खर्च वाचेल त्यांचा.”

अशा बाईला आमच्याकडे गंजक्या हाताची म्हणतात. दर पिढीत एखादी निघतेच.

“घामच तसा असतो काहींचा,” ट्रूझडेल म्हणाले. “तुझा दोष नाही यात, आर्डिथ.”

“मग शिक्षा कुणाला आहे?”

त्यांनी वहीत टेबलाच्या यादीतून तिचं नाव खोडलं. पुठ्ठ्याच्या गोदामात जागा होती, पण गोदामही उन्हाळ्यापर्यंतच चालणार होतं. त्यानंतर गावात दुसरा कारखाना नव्हता.

“तोपर्यंत गोदामात जाते,” आर्डिथ म्हणाली. “पण माझी खुर्ची कुणाला देऊ नका. एक महिना द्या मला.”

“महिन्यात घाम बदलतो का कुणाचा?”

“घाम नाही बदलत. पुसणं बदलतं.”

हातमोजे तिने आधीच वापरून पाहिले होते. सांध्यात त्यांचे धागे अडकत आणि दुपारपर्यंत सुती बोटं ओली होत. म्हणून तिने टाकाऊ पात्यांची एक पिशवी मागून घेतली आणि घराच्या तळघरात कपडे धुण्याच्या टाकीशेजारी फळी मांडली. प्रत्येक पात्यावर खिळ्याने आकडा कोरला, अंगठा दाबला आणि त्यावर एकेक उपाय चोपडला. शिवणयंत्राचं तेल झालं, डुकराची चरबी झाली, व्हॅसलीन झालं. मोटारीला लावायचं मेणही झालं. थर जाड केला, मग आणखी जाड केला. पाच-सहा दिवसांनी पुसून पाहिलं की, गोठलेल्या तळ्याच्या बर्फाखाली मासा दिसावा तसा तेलाखाली अंगठा दिसे. ती आकडा लिहून घेई आणि पुढचं पातं उचले.

फेब्रुवारी होता. रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ पसरलेलं होतं. एका रविवारी तिचा भाऊ आयनार अंगणात गुडघे टेकून ट्रकच्या पोटावर नळीने पाणी मारत होता.

“या थंडीत?” तिने विचारलं.

“मीठ चिकटलंय खाली. आत्ता नाही धुतलं तर उन्हाळ्यात पत्र्याला भोकं पडतील.”

“वरून तेल मार ना. कारखान्यातून आणून देते.”

“मिठावर तेल मारून काय होणार, ताई? ते आतच राहतं. आधी पाण्याने काढायचं, वाळवायचं, मग तेल.”

आर्डिथने ट्रकखालून गळणारं पाणी पाहिलं. मग थेट तळघरात गेली.

आमच्या टेबलावर पाण्याला बंदी होती. कॉफीचा कपसुद्धा दाराबाहेर ठेवावा लागे. पाणी म्हणजे गंज, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकलो होतो, त्यामुळे पाण्याकडे पाहायचं कधी कुणाला सुचलंच नाही. घामातलं मीठ आम्ही वर्षानुवर्षं तेलाखाली झाकत आलो होतो. वर ते फडकंही तेच, महिनाभर सगळ्यांच्या बोटांतून फिरलेलं.

तिने स्पिरिटमध्ये थोडं पाणी मिसळलं. त्या ओल्या बोळ्याने पातं पुसलं आणि लगेच कोरडं केलं. तेलातही फरक केला. पातळ तेलात मेण वितळवून त्यात फ्लॅनेल भिजवलं, पिळलं आणि दोन दिवस दोरीवर टांगलं. हाताला ते जवळजवळ सुकं लागे. पात्यावर थेंब दिसत नसे, नुसता कागद सरकन घसरे. अकरा दिवसांनी तिने त्या ओळीतली पाती उजेडात नेली. मग पुन्हा नेली. एकावरही अंगठा नव्हता.

“पाणी?” ट्रूझडेल म्हणाले. “पुसण्याच्या टेबलावर?”

“दोन डझन चांगली पाती द्या. अंगठा मीच लावते, सगळ्यांवर. एक डझन फिलोमिना नेहमीसारखं पुसेल, एक मी.”

“बरं. सोमवारी बघू.”

“गॅल्व्हस्टनला चाकू काय तीन दिवसांत उघडले होते? तीन आठवडे ठेवा. आणि फडकी धुतात त्या वाफेने दमट खोलीत ठेवा.”

“तू स्वतःच्याच विरुद्ध आहेस की काय?”

“उन्हाळ्यात परत खोकं आलं तर तुम्ही मला पुन्हा विचारणारही नाही. त्यापेक्षा आत्ताच काय ते होऊ दे.”

सगळ्यांसमोर तिने अंगठा घामेजल्या मानेवरून फिरवला आणि चोवीसही पात्यांवर एकेक करून दाबला. फिलोमिनाने आपला डझन झरझर पुसून टाकला. आर्डिथला दुप्पट वेळ लागला. ट्रूझडेल यांनी डब्यांना चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सही केली. मग तीन आठवडे आर्डिथ गोदामात खोकी दुमडत राहिली. डब्यांचं नावही तिने काढलं नाही.

डबे उघडले तेव्हा फिलोमिनाच्या बाराही पात्यांवर अंगठा होता. आर्डिथची अकरा स्वच्छ होती. बारावं ट्रूझडेल यांनी बाकीच्यांत सरकवलं, पण तिने ते पुन्हा उचललं.

“हे बघा. सांध्याशी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आहे. तिथे ओल राहिली. कोरडं करताना कागदाची कड आत फिरवायला हवी.”

“मला दिसला नव्हता,” ते म्हणाले.

“मला दिसला.”

त्यांनी पातं उजेडात नेऊन ठिपका पाहिला. “उद्या सात वाजता टेबलावर ये,” ते म्हणाले.

“येते. पण सगळ्यांनीच असं पुसायचं. यांच्या घामातही मीठ आहेच, उशिरा दिसतं एवढंच.”

“काम हळू होईल.”

“पहिला आठवडा होईल.”

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या पुढ्यात तीन फडकी होती, ओलं, कोरडं आणि मेणतेलाचं. त्यांना तीन रंगांचे काठ होते. ओलं फडकं रोज संध्याकाळी धुवायला जाणार होतं.

“माझ्या आईने लग्नातली चांदी एवढी पुसली नाही,” फिलोमिना म्हणाली. “एका बाईचा हात वाईट, आणि वनवास सहाजणींना.”

“हो,” आर्डिथ म्हणाली.

फिलोमिनाने पहिलं पातं पुसून पुढे ढकललं. आर्डिथने ते कागदात धरून खिडकीकडे वळवलं.

“खाचेत ओल आहे. परत.”

तिने पातं फिलोमिनापुढे धरलं. आर्डिथने हात मागे घेतला नाही. मग फिलोमिनाने कोरडं फडकं उचललं.