साहेबांच्या कपाटातलं माझं पॅनकार्ड

"हिला कुठली सही येणार? अंगठा घ्या."

मी साहेब-वहिनींच्या घरी स्वयंपाकाला होते. साहेबांच्या करसल्लागाराच्या ऑफिसात वहिनी असं म्हणाल्या आणि टेबलामागच्या माणसाने माझा डावा हात ओढून शाईच्या पॅडवर दाबला. पॅनकार्डाचा फॉर्म होता. मी आश्रमशाळेत सातवी शिकलेली. सही येत होती. फॉर्मवरची बारीक अक्षरातली सूचनासुद्धा वाचून झाली होती. पण वहिनींना चारचौघांत खोटं कसं पाडायचं? बोटं सैल सोडली. पन्नाशीची होते तेव्हा. वयाने. अक्कल अजून माहेराकडच्या पेठच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेली.

संध्याकाळी गंगापूर रोडच्या त्यांच्या बंगल्यात कणीक मळायला घेतली, तर वहिनी म्हणाल्या, "तो अंगठा घास आधी. पिठाला लागेल." मी तारेच्या घासणीने घासला. कातडं निघालं. शाई राहिली.

कार्ड आलं. सहीच्या चौकोनात माझा अंगठा. ते आणि आधारकार्ड, दोन्ही साहेबांनी आपल्या कपाटात ठेवली. "तू हरवशील." मी मान डोलावली. वर शेजारणींना ऐटीत सांगितलं, माझे कागद साहेबांच्या कपाटात असतात.

महिन्याभराने साहेबांनी मला त्यांच्या गाडीतून रजिस्ट्रीच्या कचेरीत नेलं. अंगठे घेतले, फोटो काढला. मला वाटलं, साक्षीदार लागत असेल. ठेवणीतली साडी नेसून गेले होते. फोटो बरा यावा म्हणून हसलेसुद्धा. काय ते ध्यान!

मग पुढे दर जुलैत साहेबांचा फोन. "मावशी, मोबाइलवर ओटीपी आलाय, सांग." मी सांगायचे. सहा आकडे, एकेक सुटा. एकदा भाजी करपली, पण आधी आकडे सांगितले. एवढा मोठा माणूस, आणि माझ्यावाचून त्याचं अडतं! दिवसभर पाय जमिनीवर नसायचे.

यंदा बायकांसाठीच्या सरकारी मदतीचा माझा अर्ज फेटाळला. कारण काय, तर अर्जदार आयकराचं रिटर्न भरते. नात बी.कॉम.ला आहे. घरातल्या आधारच्या झेरॉक्सवरचा नंबर टाकून तिने मोबाइलवर माझं आयकराचं खातं उघडलं. मग सातबारा शोधला.

"आजी, तुझं दुकान आहे?"

"कुठं गं?"

"रिटर्नमध्ये आहे. आणि पाच एकर जमीन. पेठकडं."

मी लय हसले. "मग दोन बसा बदलून पोळ्या लाटायला कोण जातं, माझी मालकीण?"

ती हसली नाही. तिने समजावलं. आदिवासीची जमीन साहेबांना अशी घेता येत नाही. तुझ्यासारख्या आदिवासी बाईच्या नावावर घेता येते. स्वयंपाकिणीकडे जमीन आली कुठून, असं कोणी विचारू नये म्हणून तिच्या नावावर दुकानाचं उत्पन्न दाखवायचं, दरवर्षी तिचं रिटर्न भरायचं. त्याला पॅन लागतं, आधार लागतं, आणि ओटीपी सांगायला एक मूर्ख बाई लागते.

जमिनीच्या जुन्या मालकाचं नाव तिने वाचलं. माझ्या माहेरच्या गावचा माणूस.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे कार्डं मागितली.

"विश्वास नाही का आमच्यावर? घरच्यासारखं ठेवलं तुला."

"घरच्यांची कार्डं कोणाकडं असतात, वहिनी?"

त्यांनी साहेबांना हाक मारली. साहेब आले. त्यांना आवाज कधी चढवावा लागलाच नव्हता. "यंदाचं रिटर्न राहिलंय. ते झालं की देतो." त्यांनी फोनवर काहीतरी दाबलं. माझ्या पिशवीतला मोबाइल वाजला.

"सांग."

बारा वर्षं याच ओट्याशी मी आकडे सांगितले होते. तोंड सवयीने उघडलंसुद्धा.

"नाय सांगत."

"मावशी, सगळं तुझ्या नावावर आहे. आत कोण जाईल, कळतंय ना?"

"कळतंय. सातवी झालीय माझी."

गॅस बंद केला. चपला घातल्या.

आता थकलेय. गुडघे बोलतात, नवं काम मिळत नाही. पॅन, आधार पुन्हा छापून घेतलं. त्याला कोणाच्या कपाटाची किल्ली लागत नाही, एवढं कळायला मला बारा वर्षं लागली. आयकराच्या कचेरीत अर्ज घेऊन गेले. कारकून भला होता. म्हणाला, "आजी, हे लिहून दिलंत तर तुमचीही चौकशी होईल." म्हटलं, लिहून घ्या.

जमिनीचा जुना मालक गिरणारे गावच्या मजूर नाक्यावर सापडला. द्राक्षाच्या कामाला कोणी नेतंय का, म्हणून उभा. माझ्याहून म्हातारा. मी नाव सांगितलं.

"म्हंजे कागदावर तूच हाय का ती?"

मी हो म्हटलं. फसवलं मला, असं म्हणता आलं असतं. पण कागदावरचा अंगठा माझाच होता.

साहेबांनी माझं नाव वापरलं. मी ते वापरू दिलं. चौकशीत दोन्ही सांगणार. आणि ती पाच एकर पुन्हा त्या माणसाच्या नावावर लागेपर्यंत प्रत्येक तारखेला कचेरीत जाऊन बसणार. मला आत टाकायचं तर टाका. जबाब बदलणार नाही.