अन्वीचं झाड आणि तात्यांची चंद्री

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. शाळेची रिक्षा दारात, माझ्या अन्वीच्या एकाच पायात बूट, आणि फोन वाजला, "टिंग!" तिच्या वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी गेमची लिंक टाकली होती. तेव्हापासून मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत इतके किस्से साठलेत की कचरा परवडला! त्याचे निदान ओला-सुका असे दोन भाग तरी होतात.

गेम साधा. फोनमध्ये एक झाड. कचरा वेगळा करून फोटो टाकला की पान फुटतं, गाडी सोडून चाललं की फूल येतं. काहीच केलं नाही तर झाड वाळतं. आणि झाड वाळलं की दुसरीतली माझी पोरगी जेवत नाही.

*

गेम घरोघरी पोचला. शेजारच्या रेखाकाकींनी हिरवी बादली आणली. वर भाजीची देठं मांडली, फोटो टाकला. मग ती बादली गल्लीभर फिरायला लागली. एकदा मी विचारलं, "काकी, बादली कुठाय?"

"कोपऱ्यावरच्या घरात. फोटो झाला की तुझ्याकडं. पण देठं हलवू नगंस, नीट लावल्यात!"

खरा कचरा? घंटागाडीत, एकाच पिशवीत.

*

माझ्या सासूबाईंनी कापडी पिशवीचा फोटो काढू दिला. गेम म्हणाला, "अभिनंदन! तुम्ही नवी सवय लावून घेतलीत."

"नवी?" सासूबाई उसळल्या. "तुझ्या मामंजींच्या लग्नातल्या धोतराची पिशवी हाय, सांग त्याला!"

*

मग गेमनं विचारलं, तुम्ही कुठं आहात हे सतत बघू का? पान फुटायला पोरगी कुठाय हे कशाला पाहिजे?

आमचे हे कागलच्या एमआयडीसीत कामाला. म्हणाले, "आमच्या कंपनीत सगळी खेळत्यात. तुला सगळीकडं चोरच दिसत्यात!"

"दिसत न्हाईत, म्हणून तर भ्या वाटतंय!"

मी "नाही" दाबलं. झाड वाळलं. पोरीनं ताट सरकवलं.

*

बंडूतात्या रोज संध्याकाळी गोठ्यातनं म्हशी गल्लीच्या तोंडाशी दूधकट्ट्यावर आणतात आणि तिथंच धार काढून गिऱ्हाइकांना ग्लास भरून देतात. मी ह्यांच्या जुन्या फोनवर अन्वीच्या नावानं गेम चालू केला, "हो" दाबलं, आणि फोन पिशवीत घालून तात्यांच्या चंद्री म्हशीच्या गळ्यात बांधला.

झाड असं बहरलं! अन्वी गल्लीत पहिली. रेखाकाकींच्या हातात दुधाचा ग्लास तसाच राहिला. "एवढी चालती व्हय पोरगी? खाती तरी काय?"

धार काढता काढता तात्या म्हणाले, "सरकी पेंड!"

*

आणि हे परवाचं. कट्ट्यावर मोटारसायकलवरनं एक माणूस आला. हातात चमकत्या कागदात गुंडाळलेला खोका. हेल्मेट न काढताच म्हणाला, "अन्वी कुठं आहे? रोज ह्याच वेळेला इथं असते ना? बक्षीस आहे. तिच्याच हातात द्यायचंय."

गेममध्ये आम्ही नुसतं नाव भरलेलं. आडनाव नाही, पत्ता नाही. अन्वी माझी ओढणी धरून मागं उभी होती. मी तिला आणखी मागं सारलं.

तात्या उठले. चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. "ही की अन्वी! द्या पावणं, बक्षीस द्या."

चंद्रीनं मान हलवली. गळ्यातला फोन वाजला, "टिंग!"

त्यानं म्हशीकडं बघितलं, फोनकडं बघितलं, आणि खोका काखेत मारून गाडीला किक मारली. नंबरप्लेटवर चिखल फासलेला होता.

बायांनो, बादली पुढच्या घरी द्याल तेव्हा तिच्याबरोबर हा किस्साही सांगा.