हयात अपत्यांचा रकाना

"आधी नियम वाचू, मग रडू."

रजेचा अर्ज घेऊन कुणी टेबलाशी आलं की रत्नागिरीजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यातला तो कंत्राटी क्लार्क हे म्हणायचाच. मग चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरायचा. एक रकाना जरी रिकामा दिसला तरी अर्ज परत. मी तिथली जुनी नर्स, पण माझेही अर्ज त्याने दोनदा परत केले होते. मेला मोठा साहेबच! पण त्याच्या हातून वर गेलेला अर्ज कधी अडला नाही, हेही खरं.

बाप होऊ घातलेल्या आमच्या वॉर्डबॉयना पितृत्व रजेचे नियम तोच समजावायचा. पंधरा दिवस पगारी रजा. हयात अपत्ये दोनपेक्षा कमी हवीत. नोकरीत वर्षभर खंड नको. आणि अर्ज बाळंतपणाच्या आधी हवा. "नंतर आलात तर पेढे द्या, अर्ज देऊ नका," असं वर बजावायचा.

अशा माणसाने स्वतःचाच अर्ज दिला नाही, यावर तुमचा तरी विश्वास बसेल का?

त्याची बायको तिसऱ्यांदा पोटुशी होती. आधीची दोन्ही बाळं जन्मून दोन-दोन दिवसांत गेली होती. म्हणून या खेपेला त्याच्या आईनेच सुनेला माहेरी, पोफळीला धाडलं. जागा बदललेली बरी, म्हणे. अर्ज त्याने कधीचाच भरून खणात ठेवला होता. एक रकाना सोडून.

"अरे, हयात अपत्ये शून्य. लिही आणि मोकळा हो," मी म्हटलं.

"हात उठत नाय, सिस्टर. दोघं होती ना माझी. शून्य कसं लिहू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि आता लिहिलं, नि हेही..."

मी हसले. शिकलासवरलेला तू आणि काय हे, म्हणाले. त्या हसण्याची आज लाज वाटते.

दिवस भरायला तीन आठवडे होते, आणि भर दुपारी मेव्हण्याचा फोन आला. रक्त जातंय, चिपळूणला नेतोय. तो लगेच पिशवी भरायला लागला. रजा मंजूर करणारे डॉक्टरसाहेब दौऱ्यावर. मीच खणातून अर्ज काढला, पेन घेतलं, शून्य लिहिणार एवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

"नको, सिस्टर. पाया पडतो तुमच्या."

जन्मभर बाळंतपणं केलेली बाई मी. रक्त जातंय म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. ते माझ्या तोंडावर त्याला दिसू नये म्हणून मी मान खाली घालून बसले.

अर्ज तसाच अर्धवट टाकून तो गेला. तो रिकामा रकाना बघून डॉक्टरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी अर्ज नामंजूर केला. पंधरा दिवसांची विनापरवाना गैरहजेरी लागली, आणि मुदत संपल्यावर त्याचा करार काही वाढला नाही. सगळं अगदी नियमाप्रमाणे झालं. मला मात्र कितीतरी दिवस घास गोड लागला नाही.

बायको वाचली. मुलगी महिनाभर काचेच्या पेटीत होती, तीही वाचली.

परवा सावर्ड्याच्या बाजारात दिसला. आता तिथेच मेव्हण्याच्या दुकानात असतो. खांद्यावर दीड-दोन वर्षांची लेक गाढ झोपलेली, चांगली गुटगुटीत. मी दवाखान्यातल्या गमती सांगत होते, तो हसत होता, आणि मधूनमधून आपलं बोट तिच्या नाकाशी नेत होता.

"अरे, झोपलीय ती," मी म्हटलं.

"ठाऊक आहे, सिस्टर," तो म्हणाला, आणि बोट तसंच धरून उभा राहिला.