शुगरच्या काढ्याची जाहिरात माझ्या खात्यावरून गेली

मंडळी, आज सकाळी जे घडलं ते सांगते.

चाळीसगावातल्या दुकानांच्या ऑनलाइन जाहिराती मी घरी बसून टाकते. मागच्या आठवड्यात एका काढ्याची टाकली, 'शुगरच्या गोळ्या विसरा!' वाक्य दुकानदाराचं होतं, पण खातं आणि फोन नंबर माझा.

आज शिंदखेड्याहून एका बाईचा फोन आला. "ताई, तुमनी जाहिरात दखीसन आमना आबास्नी गोया बंद करी टाक्यात. आते चक्कर यी राह्यनी. काढा खरा शे ना?"

"गोळ्या बंद केल्या? आधी आबांना दवाखान्यात न्या," मी म्हणाले. जाहिरात लगेच काढून टाकली आणि दुकानदाराला फोन लावला.

तो म्हणाला, "टाकली तर तुम्हीच ना, ताई?"

मग जाहिरातींचं खातं उघडताना न वाचताच मान्य केलेल्या अटी उघडल्या. जाहिरातीतल्या दाव्यांची जबाबदारी ती टाकणाऱ्याची, असं स्पष्ट लिहिलंय. उद्या वकिलांना भेटतेय.

दुपारी कळलं, आबा ॲडमिट आहेत. शुगर खूप वाढलीय, पण बोलतायत.

जाहिरात तर हटवली. पण ती वाचून आणखी कुणी गोळ्या सोडल्या असतील, तर त्यांच्यापर्यंत मी कशी पोहोचू? तुमच्या घरात कुणी आहे का? आत्ताच विचाराल?