हणमंताची आवणी

हणमंत माझा चुलत भाऊ, माझ्याहून बारा वर्सांनी धाकटा. त्याच्यावर चिडायचा हक्क मला हाय आन् तो म्या आजवर पुरेपूर बजावलाय. माणूस सोन्यासारखा, पर एक खोड. कुणाला न्हाई म्हणायचं म्हटलं की ह्याची दातखीळ बसते. गावात कुणाची म्हैस अडली, कुणाचा पत्रा उडाला, की पहिली हाक हणमंताला. हा ताटावरनं उठून जायचा. "अरं, घास तरी गिळ," म्हणून आमी ओरडायचो.

तीन वर्सांमागं पुण्याचे एक साहेब आले. आमच्या पासली गावाच्या वरच्या अंगाला हणमंताचा माळ हाय. साहेब त्यावर उभे राहिले, खालची खाचरं बघितली, समोर तोरणा बघितला आन् म्हणाले, हितं घरगाड्या लावू. घरगाडी म्हंजे एसटीच्या निम्मी गाडी. आत पलंग, शेगडी, मोरी, संडास, समदं. शहरातली माणसं ती घेऊन येतात, माळावर लावतात, दोन दिस राहतात आन् जातात. आपलं घर कुलूप लावून बंद करायचं आन् दुसरं घर ओढत रानात आणायचं! म्या ऐकलं तवा पोट धरून हसलो.

साहेबांनी अकरा वर्सांचा भाड्याचा कागद केला. वर म्हणाले, "जागा तुमचीच, तुम्हीच राखा." हणमंताला ते लई गोड वाटलं.

"लेका, आपलीच जागा राखायला आपुनच गडी?" म्या विचारलं.

"दादा, घरच्या घरी काम मिळतंय. कुठं जायला नको, यायला नको."

कुठं जायला नको हे मात्र खरं झालं. माळावर घरगाडी उभी असली की हणमंतानं जागा सोडायची न्हाई, असा साहेबांचा नेम. आन् गाड्यांचं काय, एक निघती न निघती तोवर दुसरी हजर. पाणी संपलं, हणमंत. वीज गेली, हणमंत. संडासाची टाकी भरली, गाडीत पाल शिरली, समदीकडं हणमंत. फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत तो राहायचा. माळावरनं हाक मारली तर घरात ऐकू जाईल एवढ्यावर त्याचं घर, पर जेवायला खाली यायची सोय न्हाई. बायको अश्विनी डबा फाटकावर नेऊन द्यायची. माझ्या वैष्णवीचं लग्न किकवीला झालं. सख्ख्यासारखा काका, आन् अक्षता टाकायला हा मोबाईलवर! आंतरपाट धरलेला, आन् फोनात ह्याचं तोंड. म्या फोनच बंद करून टाकला. राग कसला, रडू आलं होतं मला.

ह्या मे म्हैन्यात तो स्वतःहून म्हणाला, "दादा, औंदा भात पदरात पडलं की काम सोडतो." गेल्या दोन वर्सांत त्याच्या खाचरांकडं बघायला कुणी नव्हतं, भात झालंच न्हाई. घरात वर्साचं भात असलं की माणूस कुणालाबी तोंडावर न्हाई म्हणू शकतो. नसलं की साहेब म्हणतील तसं. म्हणून त्याचा समदा जीव ह्या एका आवणीवर होता, आन् माझाबी.

आमच्याकडं आवणी, म्हंजे भाताची लावण, सावडीनं होते. एकट्यादुकट्याचं ते काम न्हाई. आज वीस माणसं माझ्या खाचरात, उद्या तीच वीस तुझ्या. ज्याचं रोप आदी तयार त्याचा नंबर आदी. नंबर मी लावतो, माझा बाप लावायचा तसाच. मालकानं नारळ फोडला की त्याचा दिवस सुरू झाला, सांज झाली की संपला. पाऊस पडो का दगड पडो, नंबर पुढं सरकतो, मागं येत न्हाई, कारण पुढच्याचं रोप थांबत न्हाई. रोपानं वय सोडलं की ते फुटवे धरत न्हाई. मग त्याची वैरणच.

औंदा चौदा घरं होती आन् हणमंताचा नंबर आठवा, गुरुवारचा. सात दिवस अश्विनी एकटीच सात घरी राबून आली. सखूबाईच्या घरची दोन माणसं आन् हिच्या घरचं एक, म्हणून ती कुजबुजायची. अश्विनीनं ऐकून घेतलं आन् दोन माणसांचं काम केलं. बुधवारी सांजंला तिनं रोप उपटून, जुड्या बांधून पाण्यात ठेवलं. उपटलेलं रोप दोन दिवस दम धरतं, त्यापुढं ते कुजतं.

हणमंतानं साहेबांना पंधरा दिवस आदी सांगितलं होतं, गुरुवार माझा. साहेब म्हणाले, बघू. रविवारी एक जोडपं घरगाडी घेऊन आलं. हणमंतानं त्यांना मुरमावर थांबायला सांगितलं. त्यांना माळाच्या पार कडेला जायचं होतं. "तिथून काय दिसतं हो! एकच रात्र," ती बाई म्हणाली. हणमंत न्हाई म्हणाला असता तर हणमंत कसला? गाडी कडेला गेली आन् चार दिवस आभाळ फाटल्यागत कोसळलं. गुरुवारपतोर मागची चाकं निम्मी मातीत.

गुरुवारी सकाळी आमी वीसजण हणमंताच्या बांधावर जमलो. चिखल तयार, रोप तयार, अश्विनीच्या टोपलीत नारळ, हळद, कुंकू. ती आज हसत होती. तेवढ्यात हणमंत वरनं अनवाणी पळत आला. हातात फोन चालूच.

"दादा, गाडी रुतलीया. त्यांचं सांजंला पुण्याहून इमान सुटतंय. जेसीबी घाटात दरड काढायला गेलाय. अर्धा तास या समदी."

"आदी आवणी," म्या म्हणालो. "इमान त्यांचं, रोप तुझं."

फोनातनं साहेब बोलले, समद्यांना ऐकू गेलं. "हणमंत, वीस माणसं समोर उभी आहेत ना? मग अडचण काय आहे?"

अश्विनी पुढं झाली. हळू आवाजात म्हणाली, "न्हाई म्हणा. एकदा म्हणून बघा."

हणमंतानं तिच्याकडं बघितलं, खाचराकडं बघितलं, तोंड उघडलं. मला वाटलं, आज म्हणतोय गडी. म्हण की रे!

"व्हय साहेब," तो म्हणाला. "आणतो समद्यांना."

त्याला एकट्याला तोंडघशी कसं पाडायचं? आमी गेलो. आवणीचा संसार उचलून माळ चढलो, अश्विनीबी टोपली घेऊन मागनं आली. दोर बांधला. आमच्यातला रखमाजी म्हणाला, "जडाचं काम हाय, कुणाचा हातपाय जायचा. नारळ फोडल्याबिगर दोराला हात लावायचा न्हाई." नारळ आणायचा कुठनं? हणमंतानं घाईघाईनं अश्विनीच्या टोपलीत हात घातला, तिथला नारळ काढला आन् चाकापुढच्या दगडावर फोडला.

"अवो, तो आपल्या..." अश्विनी एवढंच बोलली.

समद्यांनी बघितलं. हणमंताच्या ध्यानात आलं का न्हाई, मला अजून सांगता येत न्हाई. तो पाणी शिंपडून, हात जोडून, "जोर लावा" म्हणून ओरडलासुदा.

अर्धा तास! दगड घातले, फळ्या घातल्या, गाडी वीतभर पुढं यायची आन् हातभर मागं. पाऊस डोळं उघडू देईना. दुपार झाली, डबं तसंच. माझ्या हाताची सालं निघाली. खाली खाचरात चिखल वाट बघत होता आन् आमी दुसऱ्या चिखलात मरत होतो. पाचाच्या सुमाराला गाडी मुरमावर आली. ती बाई खाली उतरली, तिच्या डोळ्यांत पाणी. "तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत हो," ती म्हणाली. मनापासनं म्हणाली, खोटं कशाला बोलू? नवऱ्यानं आमचा फोटो काढला, बिस्किटाचे पुडे वाटले. गाडी गेली. इमान गाठलं का चुकलं, देव जाणे.

हणमंत माझ्याजवळ आला. चिखलानं माखलेला, पर तोंडावर हसू. "सुटलो बाबा. दादा, उद्या बिगीनं या समदी."

"उद्या रखमाजीचा नंबर हाय," म्या म्हणालो.

"मग माझा?"

वीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. रखमाजीनं मान खाली घातली. त्याचंबी रोप वयाला आलेलं, त्याच्या मागं अजून पाच घरं. तरी मला सांगता आलं असतं. रखमाजी, एक दिवस दे, असं म्हणायला माझी जीभ झडत नव्हती. पर मला कसला राग आला होता सांगू? त्या साहेबाचा, त्या फोनाचा, लग्नातल्या त्या फोनातल्या तोंडाचा. साहेब तिथं नव्हता. हणमंत होता.

"तुझा झाला की," म्या म्हणालो. "तूच न्हाई का नारळ फोडलास?"

तो भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर म्या पाघळलो असतो, आईच्यान. तो नुसता "व्हय" म्हणाला, साहेबांना म्हणतो तसंच. आन् फाटक लावायला गेला.

दुसऱ्या दिशी रखमाजीच्या खाचरावर गेलो तर समद्यांच्या आदी अश्विनी हजर, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, लुगडं खोचलेलं.

"अगं पोरी, तू हितं कशाला? घरी जा. जमेल तेवढं आपलं रोप लाव तरी."

"काल वीस माणसं आमच्यासाठी राबली न्हाई का, भावजी? फेडायला नको?"

वर माळावर नवी पांढरी घरगाडी आली होती. हणमंत तिच्यापुढं उलटा चालत होता, हातानं खुणा करत, हितं या, अजून या.

अश्विनीनं तिकडं बघितलं न्हाई. रखमाजीच्या रोपाची जुडी सोडली आन् वाकली.

"आजचं धरून सहा घरं," ती म्हणाली.