त्या अकरा दिवशी पूजा कुणी केली

मावशींना काही विचारायचं असलं की त्या आधी पदराला लागलेला तुरीचा भुसा झटकायच्या, तोही माझ्या टेबलाशी येऊन. मग म्हणायच्या, "भाऊ, एक शंका हाय." एवढं ऐकलं की मला घाम फुटायचा.

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी कारकून होतो, मावशी डाळ निवडायच्या. सकाळी यंत्राची पूजाही त्यांच्याच हातची. पूर्वी यंत्राचा पट्टा सारखा तुटायचा. एकदा मावशींनी हळदकुंकू वाहिलं आणि तो महिनाभर टिकला. तेव्हापासून आमच्या मालकांनी, म्हणजे आप्पांनी, ठरवून टाकलं की मावशींनी कापूर लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मावशींची सुट्टी म्हणजे मिलचीही सुट्टी.

पगार पूर्ण हातात मिळायचा. पावतीवर मात्र पंधराच दिवस, म्हणजे मालकाला पीएफ कमी भरावा लागतो. त्या पावत्या मीच लिहायचो. आप्पा सांगायचे, मी मान डोलवायचो. एवढीच माझी मर्दुमकी.

मावशींना अक्षरं जेमतेम यायची, पण पोत्यांवरच्या वजनांमुळं आकडे पक्के होते. एके दिवशी त्यांनी पावती माझ्यापुढं धरली.

"सव्वीस दिवस आले, हितं पंधराच. बाकीचे अकरा दिवस मी कुठं होते? घरधन्यानं इचारलं तर काय सांगू?"

डाळ निवडणाऱ्या बाकीच्या बायका हसून हसून लोळल्या. मावशी हसल्या नाहीत. दोन वर्षांनी त्या निवृत्त होणार होत्या. कागदावर दिवस कमी म्हणजे पेन्शन कमी, हे त्यांना कळलं होतं, आणि म्हातारपणी लेकीपुढं हात पसरायचा नव्हता.

मी दबक्या आवाजात मार्ग सांगितले. आधी मालकाला लेखी कळवायचं. त्यानं दुरुस्ती केली नाही तर कामगार कार्यालयात तक्रार, पीएफच्या कार्यालयात वेगळी. तिथंही जमलं नाही तर कोर्ट. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि कोरा कागद माझ्याचपुढं सरकवला, का तर माझं अक्षर चांगलं. खोटी पावती लिहिणाऱ्याकडूनच तिच्याविरुद्धचा अर्ज लिहून घेणारी बाई तुम्ही कधी पाहिलीय? मी निमूट लिहिला.

आप्पांनी अर्ज वाचून बाजूला ठेवला. मग मावशींनी कामगार कार्यालय गाठलं. सुनावणीला आप्पा मला आणि हजेरीपट घेऊन आले. तोही माझ्याच हातचा, त्यातही पंधराच दिवस. अधिकाऱ्यांनी मावशींना पुरावा विचारला. मावशी आप्पांकडं वळल्या.

"आप्पा, मिल तर सव्वीस दिवस चालली. त्या अकरा दिवशी पूजा कुणी केली?"

आप्पा रोज भस्म लावून बाहेर पडणारा माणूस. कागदावर काय वाटेल ते लिहवून घेतील, पण पूजेवाचून यंत्र फिरवलं असं त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. त्यांनी हजेरीपट मिटून ठेवला. शेवटी म्हणाले, "हिनंच केली. पूजेबिगर माझं यंत्र एक दिवस फिरलं न्हाई."

अधिकाऱ्यांनी हसू दाबत ते लिहून घेतलं. मग मलाही धीर आला आणि पावत्यांची खरी हकीकत मी सांगून टाकली. मागच्या पावत्या दुरुस्त झाल्या, राहिलेला पीएफ भरला गेला, तोही सगळ्या बायकांचा. आप्पा आठ दिवस मावशींशी बोलले नाहीत. कापराची डबी मात्र रोज सकाळी तोंड फिरवून पुढं करायचे. माझी नोकरीही टिकली, कारण आप्पांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नव्हतं.

मावशींचा शेवटचा महिना आला. त्यात दोन दिवस त्या नांदेडला लेकीकडं गेल्या होत्या. मला त्यांची फार माया लागली होती. शेवटची पावती पूर्ण महिन्याची असावी म्हणून मी सव्वीस दिवस लिहिले. मावशींनी आकड्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, चोवीस करा. दोन दिवस मी लेकीकडं होते की."

राहू द्या, मी म्हणालो. कोण बघतंय.

"मग मी भांडले कशाला?"

मी आकडा खोडला, चोवीस लिहिलं आणि शेजारी सही केली. मावशींनी पावती दोनदा वाचली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि फाटकाबाहेर गेल्या.