तात्यांनी वाचलेलं अक्काचं निधन

“कोण गेलं गं सुमे?” माझ्या गळ्यात पडून रडता रडता अक्काने विचारलं.

“तू,” मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

पदर तोंडावर ओढूनच मी निरवांगीला माझ्या बहिणीच्या अंगणात शिरले होते. आमच्याकडे मयताच्या घरी बायका लांबूनच गळा काढतात आणि पहिली जी भेटेल तिच्या गळ्यात पडतात. मला पहिली अक्काच भेटली. माझं रडणं ऐकून ती पिठाच्या हातांनीच बाहेर धावली होती. तिला वाटलं, माझ्या घरचं कोणी गेलं. तिकडे बाजेवर तात्या तिच्या नवऱ्याचा, म्हणजे दाजींचा हात धरून त्यांना धीर देत होते. कोण गेलं ते दाजींना ठाऊक नव्हतं, तरी ते हुंदके देत होते.

हे सगळं तात्यांच्या मोबाईलने केलं. तात्या म्हणजे वरकुट्यातले माझे शेजारी. उभा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेला. गावात पेपर यायचा बंद झाला तेव्हा त्यांच्या बारामतीच्या मुलाने मोबाईलवर तालुक्याचा पेपर लावून दिला. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की तात्या माझ्या ओट्यावर बसून मोठ्याने पेपर वाचत. पान उलटायला आधी बोट जिभेला लावत आणि मग काचेवर फिरवत. काच ओली झाली की पान हलत नसे. मग “आज पेपर दमट हाय” म्हणून मोबाईल घटकाभर उन्हात ठेवत. निधनाच्या बातमीला टोपी काढत, वाढदिवसाच्या जाहिरातीला परत घालत.

एकदा मी म्हणाले, “तात्या, काल तुमी कालव्याला पाणी सुटलं म्हणाला. कुठं हाय पाणी?”

“वैनी, पेपरात सुटलंय. कालव्याचं मला इचारू नगा.”

अक्षर बारीक दिसतं म्हणून ते दोन बोटांनी पान एवढं मोठं करत की एका वेळी चार शब्द मावत. पुढचे शब्द बघायला पान सरकवावं लागे. ते सरकून शेजारच्या बातमीत गेलं, तरी तात्या वाचायचे थांबत नसत. एकदा त्यांनी एका पुढाऱ्याने दिवसाला वीस लिटर दूध दिल्याचं वाचलं. मी हसले. ते हसले नाहीत.

त्या सकाळी त्यांनी टोपी काढली. “निरवांगीच्या सौ. गंगूबाई... वैनी, तुमची भन की वो. यांचं अल्पशा आजारानं निधन झालं.”

मी मोबाईल हातात घेतला. चौथी शिकले आहे, वाचता येतं. पण उन्हात त्या काचेवर अक्षर लागेना. फोटो तेवढा दिसला. अक्काचाच होता.

अक्काशी मी बारा वर्षं बोलत नव्हते. माझ्या मुलाच्या लग्नात तिला दुसऱ्या पंगतीला बसवलं, म्हणून ती पानावरून उठून गेली. मी तिला अडवलं नाही. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी मयताच्या घरी फोन करून खरंच गेली का, असं कोणी विचारत नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: आता ती कधीच बोलणार नाही, आणि चूक माझी होती.

सवाष्ण बाई गेली की तिला माहेरचं हिरवं लुगडं नेसवतात. आमचा भाऊ आधीच गेलेला, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. इंदापुरात लुगडं घेतलं आणि तात्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून निरवांगी गाठली.

“मी गेले? कुणी सांगितलं?” अक्का ओरडली.

“पेपरात आलंय,” तात्या बाजेवरून म्हणाले. ती समोर उभी दिसत होती, तरी त्यांनी टोपी घातली नाही.

अक्का सातवी शिकलेली. तिने मोबाईल सावलीत धरला, पान बारीक केलं आणि वाचलं. डावीकडे तिच्या डाळिंबाच्या बागेसाठी तिचा सत्कार झाल्याची बातमी होती. उजवीकडे लांबच्या गावचे एक गुरुजी वारले होते.

“अवो तात्या, माझा सत्कार झालाय!”

“सत्कार झाल्यावर गेला असाल.”

दाजींनी डोळे पुसले. “सकाळचा च्या हिनंच केला,” त्यांनी साक्ष दिली.

मग अक्काचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. तिने लुगडं बाहेर काढलं, काठ बघितले, आणि कशासाठी आणलं ते तिला कळलं. आता ही मला हाकलणार, असं मला वाटलं.

“जित्ती हाय तवर बारा वर्सं आली न्हाईस. मेल्यावर बरी धावलीस.”

“मेलेलं माणूस उठून जात न्हाय, म्हणून आले.”

ती दाराकडे वळली. मग म्हणाली, “आत ये. तव्यावर भाकरी करपली.”

लुगडं तिने परत दिलं नाही.

आम्ही जेवलो. तात्या जेवेनात. “त्या गुरुजींचं काय? टोपी मी काढली, ती भलत्याच माणसाला गेली,” असं म्हणून ते उठले आणि मोटारसायकल काढून त्या अनोळखी गावाला निघून गेले. दिवस कलताना मला न्यायला परत आले, तेव्हा डोळे सुजलेले होते.

“लई चांगला माणूस होता, वैनी.”

“तुमी कधी बघितलं होतं?”

“आज पहिल्यांदा. फोटोला हार घातलावता.”

तात्या पुढच्या वर्षी झोपेतच गेले. दाजी, अक्का आणि मी, आम्ही तिघं अजून आहोत.